पडद्यावर नसलेली आई

जगात सध्या काय चालतंय हे सगळ्यांत शेवटी कळण्याचा मान कुणाला द्यायचाच झाला, तर तो आमच्या सौभाग्यवतीच्या मामांना द्यावा लागेल. चाकणला कांद्याच्या बाजाराशेजारी त्यांचा सिनेमाचा तंबू होता. पन्नास सालानंतरची ती वर्षं. लोकांची आवड दर हंगामाला बदलायची आणि मामा तिच्या मागून धापा टाकत यायचे. गाव देवादिकांच्या खेळांना विटून मारामारीच्या खेळांवर गेलं, तरी हे आपले पडद्यापुढे नारळ फोडून आरती करतायत. "देव कदी जुना व्हतो का, जावईबापू?" देव होत नव्हता, पण तंबू ओस पडत होता. शेवटी त्यांनी घोडे-तलवारींचा खेळ आणला, तोवर गर्दी रडक्या कौटुंबिक खेळांकडे वळलेली. सवयीने नारळ मात्र घोड्यापुढेही फुटला.

येत्या बाजाराला तंबू भरला नाही, तर तो मोडीत काढायचं ठरलं. मामींनी भांडीसुद्धा बांधायला घेतली. तेव्हा मला नको ते शहाणपण सुचलं. बैलगाडीत बसून मी भोंग्यातून गावभर ओरडलो, "पदर सांभाळा, आईच्या मायेचा खेळ!" वाड्या-वस्त्यांवरून बायका लोटल्या. तंबूत मुंगीला शिरायला जागा नाही, आणि पडद्यावर नुसत्या तलवारी.

"आई कुठाय रं?" एका म्हातारीने मलाच धरलं. मी खांबाआड झालो.

हिंदी खेळ चालू असताना तो मराठीत समजावून सांगायची आमच्या तंबूत पद्धत होती, आणि ते काम मामांचं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भोंगा उचलला. "बायांनो, ह्यो पोरगा लढतोय खरा, पन घरी आई भाकर झाकून बसलीय. सकाळधरनं तिनं घास घेतला न्हाई." नायकाने दरीवरून उडी टाकली, की मामा चुलीपाशी पोचलेच. शेवटच्या लढाईत तर रडून रडून आईची दृष्टी गेली. तंबूभर हुंदके. बाजारातले दांडगे हमालही नाक ओढू लागले.

निघताना म्हातारीने विचारलं, "भेटला का वो आईला?"

"भेटला की. आत्ताच घरी गेला," मामा म्हणाले.

त्यावर तंबू आणखी काही हंगाम तगला. पुढे पिंपरीकडे कारखाने आले, पक्की थेटरं आली आणि मामांनी कनाती विकल्या. मी त्यांना अधूनमधून तिथे न्यायचो. पडद्यावर कुणी घोड्यावर टांग टाकली, की हे अंधारात म्हणायचे, "घरी सांगून निघालास का रं?" मागचे लोक शुक शुक करत. मग जरा वेळाने मीच त्यांच्या कानाशी लागून विचारायचो, "मामा, आईचं काय झालं?" आणि ते, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, सांगू लागायचे.