उडालेलं पेट्रोल

माझे काका सव्वीस वर्षं रोज सकाळी पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पितळी काठी सोडत. काठी वर काढायची, ओल कुठवर आली ते पाहायचं आणि रजिस्टरात आकडा लिहायचा. ही सवय घरातही सुटेना. पातेल्यातलं दूधसुद्धा ते वाकून, एक डोळा मिटून बघायचे. काकू वैतागायची. "अहो, मांजर नाही प्यायलं, मीच चहाला घेतलंय!"

गेली तीन वर्षं टाकीत विक्रीच्या हिशेबापेक्षा रोज चार-पाच लिटर कमी भरत होतं. काका ते इमानेइतबारे लिहीत आणि पुढे कारण लिहीत: उडालं. पेट्रोल उडतं हे खरंच आहे. पण रोज, तीन वर्षं? या हुशार माणसाला एकदाही शंका येऊ नये, याचा मला अजून राग येतो.

ते झिरपत होतं. जुन्या पाइपातून पंपामागच्या लाँड्रीवाल्या ताईंच्या बोअरमध्ये उतरत होतं. मग एका मंगळवारी पाइप पुरता तडकला आणि त्यांच्या नळाला पेट्रोलच यायला लागलं. लाँड्री बंद पडली. त्या आणि त्यांची आजारी बहीण, दोघींचं पोट त्या लाँड्रीवर होतं.

मालकांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं.

"विमा आहे आपला. पण कंपनी अचानक झालेल्या गळतीचीच भरपाई देते, हळूहळू झिरपलेल्याची नाही. तुमचं रजिस्टर त्यांनी पाहिलं की संपलं. ताईंना नवीन बोअर नाही, माती साफ होणार नाही. माझी ऐपत नाही. कोर्टात गेल्या तर म्हाताऱ्या होतील बिचाऱ्या."

मालक स्वतःची कातडी वाचवत होते, हे आम्हालाही कळत होतं. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

रविवारी दुपारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो. मी जुने आकडे वाचत होते, काका नव्या रजिस्टरांत घट भरून काढून लिहीत होते. तीन वर्षांचे दिवस, एकेक करून. मध्येच पेन ठेवून ते हात चोळत. "दमलो गं," एवढंच म्हणाले. नवी रजिस्टरं पंपावर न्यायला त्यांचं मन होईना, म्हणून दुसऱ्या दिवशी मीच घेऊन गेले.

पंपावर पाहणीला आलेला विमा कंपनीचा सर्व्हेयर भला माणूस दिसला. त्याने रजिस्टरं चाळली, मान हलवली आणि लाँड्रीवाल्या ताईंना आत बोलावलं. त्यांना पाण्याचा ग्लास दिला.

"वास पहिल्यांदा कधी आला, ताई?"

मंगळवारी, असं म्हणा, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. त्यांना आधी जाऊन सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आम्ही आकडे जुळवण्यात गुंग होतो.

"तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या आणि काकांकडे बोट केलं. "यांना मी तेव्हाच सांगितलं होतं. हे हसले. म्हणाले, पंपाशेजारी राहून अत्तराचा वास येईल का?"

काकांनी समोरचं रजिस्टर मिटलं.

सर्व्हेयरने सगळं शब्दशः लिहून घेतलं. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि सावकाश सही केली. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा उजळला होता. "एकदाचं कुणीतरी लिहून घेतलं हो माझं," त्या मला म्हणाल्या. मला तोंड वर करून बघवेना.

दीड महिन्याने नकाराचं पत्र आलं. ताई ते घेऊन आमच्या घरी आल्या. पत्रात कारण म्हणून त्यांचंच वाक्य होतं, तीन वर्षांचं.

"माझं काही चुकलं का हो बोलण्यात?" त्यांनी काकांना विचारलं.

काकांनी पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"तुमचं नाही, ताई," ते म्हणाले. "तुम्ही मला वेळेवर सांगितलं होतंत."