कँडीच्या तळ्याकाठी अक्काचा कौल

अक्काने सिलोनला, कँडीला जायचं काढलं तेव्हा तिच्या सासूबाईंनी नाक मुरडलं. "आपल्याकडे देव कमी पडले का?" अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पन्नासच्या दशकातली गोष्ट. तिला मूल नव्हतं आणि जावेचा धाकटा दत्तक घ्या म्हणून सासरचे मागे लागले होते. बुद्धाचा दात जपलेल्या त्या देवळात तिला कौल लावायचा होता. वाहिलेल्या फुलांतलं उजवीकडचं पडलं तर वाट पाहायची, डावीकडचं पडलं तर दत्तक. सोबत भावोजी आणि मी.

आम्ही राहायचो त्या बेंगळुरूहून मद्रास, तिथून बोट मेल या गाडीने धनुष्कोडी, पुढे आगबोट, पलीकडे पुन्हा रेल्वे. ही वाट आता शोधू नका, धनुष्कोडीचं स्टेशन पुढे वादळात गेलं. बोट लागून अक्का आडवी झाली आणि भावोजींनी तिच्याही वाटणीचं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, संपवलं. कँडीत तांदळाच्या शेवया आणि खोबऱ्याची लालभडक चटणी मिळाली. "खारा स्वल्प जास्तच," म्हणत, तिखटाने वाहणारं नाक पुसत त्यांनी ती पुन्हा मागितली.

तळं पाहूनच मी खूश झाले. काठाने झाडं, पाण्यालगत पांढरी भिंत, मागे देऊळ. तुम्ही गेलात तर पूजेची वेळ विचारून जा, एरवी आतलं दार बंद असतं. ढोल वाजले, दार उघडलं. अक्काने लांबलचक मेजावर दोन कमळं ठेवली आणि हात जोडून खिळून उभी राहिली. फुलं सगळी आडवी, ढिगात. पडणार कुठून? तिला सांगायचा मला धीर होईना.

मागे गर्दी तुंबली. पांढऱ्या साडीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला तमिळमध्ये विचारलं, "यांना बरं नाही का?" मी कौलाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "इथे फुलाला काही विचारत नाहीत, बाळ. ठेवायचं आणि निघायचं. संध्याकाळी ते कोमेजणार, एवढं ध्यानात घ्यायचं."

मी ते अक्काला मराठीत सांगितलं. ती तळ्याच्या कठड्याशी जाऊन बसली आणि रडली. भावोजी शेजारी बसले. "तू म्हणशील ते," एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते मला फार आवडले.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "काय कौल दिला त्यांच्या देवाने?"

"दिला नाही," अक्का म्हणाली. "तिथे विचारतच नाहीत."

"मग आता कुठे विचारणार?"

"कुठेच नाही. दत्तक नको, नवसही नको. आम्ही दोघं आहोत, तेवढं सरी आहे, पुरे आहे."

सासूबाई महिनाभर धुसफुसल्या. अक्काला मूल झालं नाही. पण रजा मिळाली की ती दोघं कुठे ना कुठे निघायची, काही मागायला नाही, नुसतं बघायला.