कपाटातला आवाज

“आहे की तुझा आवाज! नीट ऐक ना,” नवरा तिसऱ्यांदा म्हणाला.

“नीट म्हणजे काय, स्पीकरच्या पोटात शिरू?” ती कडाडली. आवाज घुमू नये म्हणून रजया टांगलेल्या कपाटात बसून, घामाघूम होत ती हे रॉक गाणं गायली होती. आता कॉम्प्युटरवर मिक्सिंग करताना नवरा आपली गिटार चढवायचा, की लगेच दीर आपले ड्रम. दोघांच्या चढाओढीत तिचा आवाज पार तळाला गेला होता.

सासूबाईंनी हेडफोन लावून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. “छान झालंय हो. पण सूनबाई, तू कधी गाणार?”

दीर फिसकन हसला. तिने नवऱ्याच्या हातातला माऊस काढून घेतला.

“मिक्सिंग आता मी करणार. तुम्ही दोघं रजयांच्या घड्या घाला.”