मढ्याचं दार

ओरेस्ते बार्तोच्ची चाळीस वर्षं मोंतेरावोत पोस्टमन होता. गावातला उंबरा न् उंबरा त्याच्या ओळखीचा, पण उंबऱ्याच्या आत ये म्हणून त्याला कुणी म्हटलं नाही. पत्र घ्यायचं, दार लावायचं. बायको नाही, पोरं नाहीत. निवृत्त झाल्यावर चर्चच्या मंडळींना टेकडीवरचं जुनं गाव दाखवायचं काम त्याच्याकडे आलं आणि हातात पिवळी छत्री आली. ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो छत्री उंच धरून चालायचा आणि पंचवीस भाविक मुकाट मागून यायचे. बाकीचं वर्ष तो त्या एका रविवारावर काढायचा.

यंदा मात्र नवे फादर लिवियो चढावरच म्हणाले, "ओरेस्तेकाका, तुम्ही तिखटमीठ लावून सांगता असं कानावर आलंय. एक जरी भानगड झाली, तर पुढच्या वर्षी परवानावाला गाइड आणणार मी. राग मानू नका."

"छे छे, फादर! मी आणि तिखटमीठ?"

छे छे कसलं! त्या गावात जुन्या घराला दारं दोन. एक रुंद, आणि शेजारी एक अरुंद, रस्त्यापासून कमरेइतकं उंच. जाणकार म्हणतात, ते नुसतं जिन्याचं दार. पण जिन्यासाठी डोळ्यांत पाणी कोण आणणार? लोक त्याला मढ्याचं दार म्हणतात. घरातलं प्रेत तेवढं तिथून काढायचं. इथवर गावाचं. "आणि जिवंत माणूस त्यातून गेला, की वर्षाच्या आत आटोपला!" हे शेपूट ओरेस्तेचं. एका वर्षी मंडळी जांभया द्यायला लागली म्हणून त्यानं ते जोडलं होतं. जांभया बंद झाल्या, त्या झाल्याच.

विणकरांच्या जुन्या घरात मंडळी शिरली. रिवाजाप्रमाणे ओरेस्तेनं मोठं दार धाडकन लावून घेतलं, अंधार केला, शेपटासकट गोष्ट सांगितली. सगळ्यांनी गेलेल्यांसाठी प्रार्थना म्हटली. बायकांनी डोळे पुसले. मग त्यानं झोकात कडी ओढली, आणि कडी त्याच्या हातात आली.

आता दार फक्त बाहेरूनच उघडणार होतं. आत पंचवीस माणसं, एक फादर आणि एक कडी. खिडक्यांना गज. जुन्या गावाच्या रखवालदाराला फोन लावला, तर तो म्हणाला, "जेवतोय. तीनला येतो."

"तीनला?" म्हातारी नुन्झियाता किंचाळली. ही रोज चर्चला जाणारी. पर्समध्ये जपमाळ आणि दृष्ट लागू नये म्हणून पोवळ्याचं शिंग, दोन्ही एकाच कप्प्यात. "एक वाजता टेबल सांगितलंय! रानडुकराच्या रश्श्यातला पास्ता गार होईल!"

अरुंद दाराला आतून साधा अडसर होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि सगळेच एक पाऊल मागे सरले.

"ही शुद्ध अंधश्रद्धा आहे," फादर म्हणाले. "एकानं बाहेर पडायचं आणि मोठं दार उघडायचं, बस्स."

"मग उतरा की, फादर," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी? माझा झगा अडकेल. शिवाय गुडघा..." फादर बत्तीस वर्षांचे होते. ते ओरेस्तेकडे वळून हळूच म्हणाले, "काका, ते वर्षाचं तुम्हीच रचलंय ना? मग जा की."

ओरेस्तेनं अडसर काढला. बाहेर छान ऊन होतं, तरी तो उंबऱ्याशीच अडला. अरे, माझंच खोटं, मलाच कसली भीती? पण इतक्या वर्षांत ती गोष्ट त्यानं इतकी रंगवली होती, की आता ती त्यालाच खरी वाटत होती. पोटात कावळे ओरडणारी पंचवीस माणसं मागून बघत होती. त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली, डोळे मिटले आणि उडी मारली. मग वळसा घालून मोठं दार उघडलं.

शाबास कुणीच म्हणालं नाही. प्रत्येकजण त्याच्याजवळून क्रूसाची खूण करत बाहेर पडला.

जेवताना नुन्झियातानं रानडुकराचा सगळ्यात मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला. "खा बाबा. खाऊन घे."

"अहो, ते मी रचलं होतं!" ओरेस्ते ओरडला. "देवाशपथ सांगतो! फादर, तुम्ही तरी सांगा!"

फादर ताटात बघत म्हणाले, "पुढच्या वर्षीसाठी कुणाला तरी आत्ताच शिकवून ठेवलेलं बरं."

"घाबरलाय बिचारा," नुन्झियाता म्हणाली. तिनं पिवळी छत्री त्याच्या खुर्चीवरून उचलली आणि फादरच्या खुर्चीला अडकवली. "आता त्याला ओझं नको."

उतरताना छत्री पुढे गेली आणि ओरेस्ते मागे राहिला. तेवढ्यात नुन्झियाता शेजारी आली. "ओरेस्ते, मंगळवारी घरी ये जेवायला. लवकर ये हं."

"मी रचलं होतं, नुन्झियाता."

"हो हो. ये तू."

मग बेकरीवाला आला. "गुरुवारी आमच्याकडे. बायको ससा करणार आहे."

"रचलं होतं रे मी..."

"असू दे. ये."

तिसरं आमंत्रण शिंपीणबाईंचं होतं. ओरेस्ते थांबला. चाळीस वर्षं त्यांची पत्रं त्यानं दाराबाहेरूनच दिली होती.

"शनिवारी येतो," तो म्हणाला, आणि थोडंसं खोकलाही.