कोंडाण्याच्या लेण्यात मी ओढलेली काडी

कोंडाण्याचं लेणं दाखवायला आलेल्या एका ठाकरावर अन्याय झाला. गेल्या शिमग्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, उन्हं कलताना, कर्जत स्टेशनच्या फलाटावर झाला. करणारे आम्ही पाच शिकलेले लोक. त्यांतला एक मी.

घारापुरी झाली होती, कान्हेरी झाली होती. आता कोंडाणे, मग घाट चढून कार्ले. पूर्वजांची थोरवी डोळ्यांनी पाहायची आणि परत जाऊन व्याख्यानं झोडायची, असा आमचा बेत. पुढारपण एका वकीलसाहेबांकडे. माझी नोकरी त्यांच्याच शिफारशीवर अडलेली.

शेवटच्या वाडीतून वाट दाखवायला हा ठाकर घेतला. कमरेला कोयता, खांद्यावर घोंगडी. कड्यावरचा मध काढणारा माणूस. झाडीतून लेण्याची कमान दिसली तसा तो थांबला आणि त्याने वर बोट केलं. कड्याला सुपाएवढी आग्या मोहोळं लटकत होती. काळी. त्यांच्या अंगावरून सारखी एक लाट फिरत होती.

"इथनं पुढं धूर नाय," तो म्हणाला. त्याच्या बोलीत कुणालाच अहोजाहो नव्हतं. "चिरूट टाक. आन् कानातला तो फाया काढून कान ओढ्यात धू. वास लागतो तिला."

"माश्यांची परवानगी काढायची काय रे?" वकीलसाहेब म्हणाले.

"काढायची तर. घर तिचं हाय, तुजं नाय."

आम्ही हसलो. वकीलसाहेबांनी चिरूट टाकला. अत्तराचा फाया मात्र कानातच ठेवला.

ठाकर बाहेर मोहोळांवर नजर ठेवून बसला. आत अंधार. छताच्या कोरीव फासळ्या दिसेनात, म्हणून वकीलसाहेबांनी सुक्या गवताची चूड वळली आणि म्हणाले, "ओढा काडी. आपण आत आहोत, बाहेर कुठे?" मला ठाऊक होतं की धूर कमानीतून वरच जाणार. तरी काडी मी ओढली.

वरची भुणभुण एकदम थांबली. ते थांबणं मला अजून झोपेत ऐकू येतं. मग सबंध कडाच अंगावर आल्यासारखा आवाज झाला.

मी आतल्या एका कोरीव खोलीत शिरून धोतरात तोंड खुपसलं. बाकीचेही असेच लपले. वकीलसाहेब दारातच पडले होते. ठाकराने धावत येऊन आपली घोंगडी त्यांच्यावर टाकली, त्यांना पाठीवर घेतलं आणि उघड्या अंगाने ओढ्याकडे पळाला.

माश्या शांत झाल्यावर आम्ही खाली उतरलो. त्याचे डोळे सुजून मिटले होते. तसाच तो वकीलसाहेबांना घेऊन कर्जतला निघाला. मी पुढे राहून दगडधोंडा सांगत होतो. भिसेगावच्या शिवारात भाताची जमीन भाजायला पालापाचोळ्याचा राब रचणारी माणसं काम सोडून बघत राहिली. एका बाईने त्याच्या तोंडात पाणी ओतलं. "अरं, मानसाला खाली तरी ठेव!"

"ठेवला तर परत उचलायचा नाय मला, बाय."

स्टेशनावर वकीलसाहेब शुद्धीवर आले. खिसा चाचपला, घड्याळ नव्हतं. "यानेच मुद्दाम मोहोळ उठवलं! लुटायला!" शिपाई आला. तिघांनी माना डोलावल्या. शिपाई माझ्याकडे वळला.

ठाकराने सुजलेलं तोंड माझ्या दिशेला फिरवलं. "सांग ना रं. तू हुतास की."

"मला काही दिसलं नाही," मी म्हणालो.

त्याला बेड्या पडल्या. तो आजही कोठडीत आहे आणि येत्या सोमवारी खटला उभा राहील. धूर मी केला, असं मी तिथे सांगणार आहे. भीती वाटते, नोकरी हातची जाईलच, मलाही चोराचा साथीदार ठरवतील. आणि चौघांपुढे माझ्या एकट्याच्या शब्दाला कोण विचारतो? त्यातून फलाटावर मी एकदा खोटं बोललेलो.

पण भिसेगावकरहो, तुम्ही त्याला डोळ्यांनी पाहिलंत. ज्याला लुटायचं त्याला कुणी पाठीवर घेऊन कोसन् कोस चालतं काय? घरात बसून हळहळू नका. येत्या सोमवारी सकाळी खटल्याला कर्जतच्या कचेरीत या, आणि जे पाहिलंत ते मोठ्याने सांगा.