मशकीला घातलेले टाके

हे माझ्या तोंडून आजवर निघालं नाही. सांगायचं होतं ते कौशल्येला, माझ्या बायकोला. तिला सांगितलं नाही आणि ती गेली. आता तुम्ही वाचून राहिले तर तुम्हालाच सांगतो. चौथीपर्यंत शिकलो, मग फॅक्टरीत लागलो. लिहिण्यात चुकलं तर चालवून घ्या.

आधी बँडचं सांगतो. टाळून राहिलो असं वाटेल — हो, टाळूनच राहिलो.

खमरियाच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांत आम्ही विदर्भातून आलेल्या घरांची पोरं. कोणाचा बाप भंडाऱ्याचा, कोणाचा कामठीचा. आम्ही आपसात एक बँड उभा केला. लग्नातला पितळी बँड नाही — फौजेत असतो तसा, मशकबीन आणि ढोलांचा. काखेत हवा भरलेली चामड्याची पिशवी, ती मशक. तिला लावलेल्या नळ्या, खांद्यावर झालर. फौजेतून रिटायर झालेला एक पहाडी उस्ताद आम्हाला शिकवायचा. एकमेकांना आम्ही भाईच म्हणायचो. कायदा एकच — वस्तीत मयत झाली तर बोलावण्याची वाट पाहायची नाही, वर्दी चढवून दारात उभं राहायचं. गरिबाच्या पोरीचं लग्न असलं तर चहावर वाजवायचं. आणि जयंतीला तर अख्खा रस्ता आमचा!

काय दिवस होते ते. भोंगा झाला की सायकली मैदानाकडे वळायच्या. ढोलाचं कातडं ढिलं पडलं तर रद्दी पेटवून शेकायचो. वर्दीचे पांढरे पट्टे कौशल्या नीळ टाकून धुवायची. मशकीवरची हिरवी खोळ तिनंच शिवली, लग्नातल्या शालूची. मी म्हटलं, "अवं, शालू कापला?" तर म्हणे, "पेटीत पडून काय करते तो? तुमच्या काखेत तरी गावभर फिरते."

एकदा सिहोऱ्याला वाजवून बसनं परत येऊन राहिलो होतो, ढोल टपावर बांधलेले. सोबत आलेल्या सगळ्या बायांसमोर कौशल्या म्हणाली, "इतक्या जणांत ह्यांचा सूर मले बराबर ओळखू येते."

"मोठी आली सूरवाली!" बाया हसल्या.

भाऊराव ढोलवाला मागून ओरडला, "वहिनी, आमचा ढोल ओळखू येते का?"

"तुमचा तर नागपूरलेबी ओळखू येते, भाऊजी. बंद करा म्हणतात तिकडचे."

सगळी बस हसली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

काहून पाहत राहिलो — आता सांगतो. मी वाजवत नव्हतो.

त्या दिवशी नाही, कोणत्याच दिवशी नाही. उस्तादानं मला घेतलं ते उंचीसाठी आणि मिशांसाठी. पहिल्या रांगेत शोभायचो. दम होता छातीत, पण बोटं चालत नव्हती. सूर लागेचना. जयंती जवळ आली तेव्हा उस्तादानं माझ्या बीनमधल्या पत्त्या काढून घेतल्या — आवाज त्यांच्यानंच निघतो — आणि सगळ्या नळ्यांत बूच कोंबले. "इस बार ऐसे ही चल. गाल फुला, उंगली चला. अगली बार सीख के आना."

अगली बार कुठली? लोक माझ्याकडे बोट दाखवून राहिले होते, फुलं टाकून राहिले होते. शिकायची गरजच काय? उस्ताद पुढं आपल्या गावी निघून गेला. बूच तसेच राहिले. शेजारी वाजवणाऱ्यांना कळत नसेल? कळतच असेल. भाई होते, बोलले नाहीत. मी जयंतीत चाललो, लग्नांत चाललो — मयतीतही चाललो. मागं कोणाची माय छाती पिटून रडून राहिली आणि पुढं मी मुकी बीन घेऊन गाल फुगवून राहिलो. याला काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

आणि ती घरी माझ्यासाठी गरम पाणी काढून ठेवायची. दमले असतील म्हणून.

मागच्या हिवाळ्यात ती खाटेला लागली. अंगणात उन्हात खाट टाकून द्यायचो. एक दिवस म्हणाली, "आजवर घोळक्यात ऐकलं. एक डाव एकटे वाजवा ना जी."

काय बोलायला पाहिजे होतं? कौशल्ये, मला येत नाही. झालं. एवढंच. पण मी म्हटलं, "मशक फाटली हाये."

"काहून, कुठं फाटली?"

"फाटली न कुठंतरी. उंदरानं खाल्ली असंल."

"आणा इकडं. शिवून देते."

आणावी लागली. तिनं खोळ काढली आणि चामड्यावरून हात फिरवायला लागली, एका टोकापासून. मला पाहवेना. पाणी आणतो म्हणून मी आत गेलो आणि आतच उभा राहिलो. बाहेर आलो तर चष्मा लावून, जाड सुईनं ती टाके घालून राहिली होती.

"सापडली?" मी विचारलं.

"सापडली. मोठी होती."

खोळ चढवून तिनं बंद बांधले. "आता राहू द्या तिले," म्हणाली. परत वाजवायचं नाव काढलं नाही.

होळीच्या आधी ती गेली. उरलेले भाई न बोलावता आले, वर्दी चढवून. भाऊराव म्हणाला, "भाई, तू आज रांगेत नको." मी तिच्यासोबत चाललो, नुसता ऐकत. माझ्यावाचून आवाजात काही कमी नव्हतं.

तिलवाऱ्याच्या घाटावर अस्थी सोडून आलो आणि खुंटीवरची मशक काढली. खोळ उतरवली. टाके दाट, सरळ. पण खाली चीर नव्हती. धड चामड्यातून सुई आरपार घातलेली. तोंड लावून फुंकलं, तर प्रत्येक टाक्यातून हवा निघून गेली. मशकीला सुई लागली की हवा राहत नाही, वरून ठिगळ चिकटवावं लागते — हे तिला ठाऊक होतं. बँडच्या मशकी आमच्याच ओसरीवर दुरुस्त व्हायच्या.

तिला कळलं ते त्या दिवशी उन्हात? का सिहोऱ्याच्या बसमध्येही ठाऊक होतं? कोणाला विचारू?

परवा भाऊराव आला होता. बँडला एक मशक कमी पडून राहिली, तुझी पडूनच आहे तर दे म्हणाला.

मी म्हटलं, फाटली हाये.

आता ते खोटं नव्हतं. तिनं खरं करून ठेवलं होतं. भाऊराव चहा पिऊन गेला. त्यालाही मी तेवढंच सांगितलं.