कापलेला तास

गारखेड्याचे मधुसूदनराव चितेगावच्या कारखान्यात क्वालिटीचे साहेब होते. मुलगा श्रीधर फौजेत. निवृत्तीनंतर एका संस्थेनं त्यांना लष्करी अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम आखायला बोलावलं. त्यांची रीत कारखान्यातलीच: जो वापरतो त्याला आधी विचारा, काय कमी पडतं. त्यांनी चाळीस तरुण अधिकाऱ्यांना विचारलं. बहुतेकांनी एकच उणीव सांगितली. जवान गेल्यावर त्याच्या घरी जाऊन काय बोलायचं, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यांनी तो तास यादीत पहिला घातला. "याला गुण कसे देणार?" म्हणत समितीतल्या शहाण्यांनी तो कापला. हे लई भांडले, पण ऐकतंय कोण!

परवा एक कोवळा कॅप्टन त्यांच्याच दारात उभा राहिला. ओठ हलत होते, शब्द फुटेना.

मधुसूदनरावांनी त्याला खुर्ची दिली. म्हणाले, "बस बाळा. 'श्रीधर गेला', एवढंच म्हणायचं असतं."